पीडीएक्स-१ तपासताना या चुका टाळा

पीडीएक्स-१ हे स्वादुपिंडातल्या पेशींच्या केंद्रकात जनुकांवर नियंत्रण ठेवणारं प्रथिन. चमकत्या अँटिबॉडीनं रंगवलेल्या स्लाइडवर ते चमकलं की ती बीटा (इन्सुलिन बनवणारी) पेशी, असं धरून मोजणी उरकणारे बरेच असतात. पण माणसाच्या आयलेटमध्ये, म्हणजे स्वादुपिंडातल्या संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात, सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक बनवणाऱ्या डेल्टा पेशींच्या केंद्रकातही हे प्रथिन असतं. बीटाची ओळख इन्सुलिनवरूनच पटवा. सोबत ग्लुकॅगॉन आणि सोमॅटोस्टॅटिनही रंगवा. ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशींत पीडीएक्स-१ सहसा नसतं, म्हणजे ऊतीच्या त्याच कापावर निगेटिव्ह कंट्रोल (जिथे सिग्नल यायलाच नको अशी जागा) आयता मिळतो. त्याही सरसकट चमकत असतील, तर मोजणी थांबवून आधी अँटिबॉडी आणि ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून केलेली प्रक्रिया) तपासा.

असिनार (पाचकरस बनवणाऱ्या) पेशींतला फिकट सिग्नल मात्र बॅकग्राउंड म्हणून लगेच पुसू नका. प्रौढ माणसाच्या असिनार पेशींत हे प्रथिन थोडं असू शकतं. फोटो देखणा यावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं, की थोडं आणि भरपूर यांतला फरकच उडतो. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर असो, तो परत येत नाही.

केंद्रकाबाहेर ठिपके दिसले तर? वयस्क दात्यांच्या ऊतीत लायपोफ्युसिन हे वयानुसार वाढणारं रंगद्रव्य साठतं आणि ते आपलं आपणच चमकतं. न रंगवलेला एक काप त्याच सेटिंगवर पाहा. ठिपके सगळ्या चॅनेलमध्ये एकाच जागी असतील तर त्यांचा पीडीएक्स-१शी संबंध नाही. उलट, पेशीद्रवातला प्रत्येक सिग्नल खोटाच, असंही नाही. ऑक्सिडेटिव्ह ताणाखाली पीडीएक्स-१ केंद्रकातून बाहेर सरकतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून केंद्रक आणि पेशीद्रव यांची तीव्रता वेगवेगळी मोजा. एकच सरासरी काढली, तर 'प्रथिन कमी झालं' आणि 'प्रथिनानं जागा बदलली' यांतला फरक कळणार नाही.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याच्या चाचणीत, वेगळीच फसगत होते. माणसाचं पीडीएक्स-१ २८३ अमिनो आम्लांचं, हिशोबानं सुमारे ३१ किलोडाल्टनचं. जेलवर बँड येतो ४२ ते ४६च्या आसपास. तेवढ्यावरून अँटिबॉडी बाद करू नका. पीडीएक्स-१ नसलेल्या पेशींचा नमुना शेजारी चालवा. अख्ख्या स्वादुपिंडाच्या लायसेटवरून (पेशी फोडून काढलेल्या द्रावणावरून) बीटा पेशींबद्दल बोलणं तर सोडाच. आयलेट म्हणजे ग्रंथीचा जेमतेम एक-दोन टक्के भाग.

उंदरावरचे नियमही जसेच्या तसे लावू नका. प्रौढ उंदरात माफबी हे जनुकांवर नियंत्रण ठेवणारं दुसरं प्रथिन मुख्यतः अल्फा पेशींत उरतं, माणसात ते अल्फा आणि बीटा दोन्हींत असतं. उंदराची सवय असलेला माणूस इथे अर्ध्या बीटा पेशी अल्फाच्या खात्यात टाकून मोकळा होतो.

सिंगल-सेल आरएनए डेटात (एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचून मिळालेल्या माहितीत) इन्सुलिनचे रीड्स, म्हणजे वाचलेले आरएनएचे तुकडे, असिनार पेशींतही सापडतील. फुटलेल्या बीटा पेशींतला आरएनए द्रावणात तरंगतो आणि सगळ्यांना चिकटतो. 'नवा मिश्र पेशीप्रकार' जाहीर करण्याआधी हा तरंगता आरएनए आणि दोन पेशी एकत्र अडकलेले थेंब डेटातून वजा करा. तरीही तो गट उरला, तर त्याच दात्याच्या कापावर प्रथिन रंगवून पाहा.