एकट्या माणसाचं घरकुल माळावर नको, गल्लीतच बसवा (कसं ते सांगतो)

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या, मालक वारलेले, लेकरूबाळ नाही, पत्र्याच्या एका खोलीत राहायच्या. दोन-तीन वर्षांखाली घरकुलात नाव आलं तर पंचायतीत म्हणायले की गावाबाहेर माळावर जागा देतो, सगळ्या निराधारांची तिकडंच एक लाईन टाकू, काम पण सोपं जातंय. मावशी सरळ म्हणल्या, "रात्री खोकल्याची उबळ आली तर तिकडं ऐकायला कोण हाय? मला माझा पत्राच बरा." मग आम्ही दोघा-तिघांनी मनावर घेतलं, आणि त्यांचं घर गल्लीतच झालं. त्यानंतर अजून चौघांचं करताना जे कळलं ते लिहितोय, कुणाच्या कामी आलं तर बरंच.

माळावरच्या लाईनीला माझा विरोध का, तर आमच्या लातूर-धाराशिवकडच्या औसा-लोहारा-उमरगा पट्ट्यात हे सगळ्यांनी बघितलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं उठवून दुसरीकडं बसवली, रुंद रस्ते, जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटाचं घर. पक्की घरं मिळाली हे खरंच मोठं काम, पण जुनी गल्ली तुटली, रान लांब पडलं, म्हातारी माणसं ओट्यावर एकटीच बसून राहिली. ज्या गावांत अनुदान घेऊन जागेवरच घरं नीट केली तिथं शेजार तरी शाबूत राहिला. आणि धडधाकट माणूस कुठंबी निभावतो हो, पण ज्याला दिसत नाही, चालता येत नाही, डोक्याच्या (मानसिक आजाराच्या) गोळ्या चालू आहेत, त्याला शेजार म्हणजे अर्धं घर.

तर पहिलं काम जागेचं, सगळं इथंच अडतं. त्या माणसाच्या नावावर गावठाणात काय आहे ते बघा, ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा काढा, ड्रोनची मोजणी झाली असेल तर सनद (जागेच्या मालकीचा कागद) पण. बहुतेक वेळा जागा मेलेल्या नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर निघते. बायको कायद्यानं वारस आहेच, पण नोंद कुणी केलेली नसते, म्हणून मृत्यूचा दाखला लावून वारस नोंदीचा अर्ज आधी द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, पोच नसली की अर्ज आलाच नाही म्हणतात. भावकीतला कुणी म्हणला की माझ्या पडक्या वाड्यातले दोन खण घ्या काकू, तर शंभर लोकांसमोर शब्द दिला तरी दुय्यम निबंधकाकडं बक्षीसपत्र रजिस्टर करून घ्या. नोटरीच्या स्टॅम्पवर भागवू नका. आम्ही एकदा भागवलं, जोतं झाल्यावर पुण्याहून पुतण्या आला आणि काम चार महिने बंद, अजून मनाला लागतंय.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, आधी ५० हजार मिळायचे, २०२४ पासून १ लाखापर्यंत मिळतात, जागा ५०० चौरस फुटापर्यंत. गावात पडीक वाडे किती आहेत बघा, मालक पुण्या-मुंबईला, भिंती ढासळलेल्या, पण रस्ता, लाईट, नळ सगळं दारात. एवढ्या पैशात मेन रोडची जागा येणार नाही पण आतल्या बोळातला तुकडा येऊ शकतो. गायरानाच्या भानगडीत मात्र शक्यतो पडू नका.

आता योजना. पंतप्रधान आवास ग्रामीणचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजार वाढवले, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी आहेत. यादीत नाव नसेल तर जातीच्या दाखल्यावर बघायचं: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी, भटक्या-विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, ओबीसींना मोदी आवास. नाव वसाहत असलं म्हणून घाबरू नका, त्यात एकट्याचं घर पण होतं. ग्रामसभेला स्वतः जा, त्या माणसाला पण सोबत न्या, आणि ठरावात "गावठाणातील राहत्या जागेवर" हे शब्द लिहून घ्या. हे एवढे तीन शब्द नसले की नंतर कुणीबी माळाकडं बोट दाखवतं.

बँकेचं आधार लिंक नसलं तर हप्ता कुठं जातो कळत नाही, म्हाताऱ्यांचे अंगठे तर उमटतच नाहीत, ते काम महिनाभर आधी उरका. आणि ऊसतोडीला जाणारं घर असेल तर दसऱ्यानंतर काम काढूच नका. घरमालक कारखान्यावर, इकडं जोत्याचा फोटो काढायला अभियंता आला तर दारात कुणीच नाही, मग पुढचा हप्ता लटकला. पाडव्यापासून मृगापर्यंतचा टाइम बेस्ट.

पहिला हप्ता १५ हजाराचा, त्यात पाया पण निघत नाही हे आधीच धरून चला. आम्ही बचत गटातून उचल घेतली, सिमेंटवाल्याला विश्वासात घेतलं. घरकुलवाल्यांना ५ ब्रास वाळू विना रॉयल्टी द्यायचं धोरण आहे, त्याचा पास तहसीलमधून मागून घ्या, वाहतूक आपल्यालाच करावी लागते. घर कमीत कमी २६९ चौरस फुटाचं पाहिजे. आपल्याकडं काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खोदा, गवंडी "बास झालं" म्हणला तरी पहार मारून बघा. जोत्यावर आणि लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर) सळई टाकून सलग काँक्रीटचा बँड घ्या, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचं (मातीच्या जड छताचं) वजन यानंच १९९३ ला माणसं दबली.

मावशींच्या घराला तीन पायऱ्या होणार होत्या, आम्ही एक काढली आणि बाजूनं उतार केला. शौचालय परसात लांब न ठेवता दारापासून आठ पावलांवर, बसायला कमोड, भिंतीला धरायला अर्ध्या इंची पाइपचा तुकडा. गवंडी हसत होता, "मावशीला हॉस्पिटल बांधायलाव का?" गेल्या पावसाळ्यात त्याची स्वतःची आई घसरली, तेव्हा तोच पाइप मागायला आला.

घर झालं म्हणजे काम अर्धं झालं, कारण नुसतं घर चुलीवर शिजत नाही. रेशन कार्ड वेगळं करा, अंत्योदयमध्ये बसत असेल तर कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य. संजय गांधी निराधारचे नाहीतर श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार चालू करा, दिव्यांगांना २०२५ पासून अडीच हजार आहेत. आजारपण असेल तर आशाताईला घर दाखवून ठेवा. डोक्याच्या गोळ्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मिळतात, पण महिन्याला घेऊन जाणारं माणूस एकच ठरवा, पाच जणांवर सोडलं की कुणीच जात नाही.

शहरात, म्हणजे लातूर, नांदेड, संभाजीनगरला, स्वतःची जागा असली तर शहरी आवासमधून अडीच लाखापर्यंत मिळतात. जागा नसली तर भाड्याची एक खोली ओळखीच्याच वस्तीत बघा, ११ महिन्यांचा करार करा आणि घरमालकाला आपला नंबर देऊन ठेवा, एकट्या बाईला खोली द्यायला लोक कचरतात, मागं कुणीतरी आहे म्हणलं की देतात.

आमच्याकडं मावशींचं दार सकाळी सातला उघडलं का एवढंच समोरची सून बघते, त्यांना मुद्दाम विचारायला गेलेलं आवडत नाही. दुसरी किल्ली तिच्याच फडताळात असते. एकदा साडेसातला दार बंदच दिसलं म्हणून ती पळत गेली, तर मावशी बाजूच्या नव्या उतारावर पापड वाळत घालत बसलेल्या.