बागेतला जुना ट्रॅक्टर: कंपनी बंद झाली म्हणून या चुका करू नका

मार्च २०२४ अखेर आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनं ट्रॅक्टरचा धंदा थांबवला आणि दारात त्यांचा ऑर्चर्ड किंवा बलवान ट्रॅक्टर उभा असलेल्यांच्या पोटात गोळा आला. त्याआधी २०१६ मध्ये पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारनं मंजुरी दिलीच होती. तालुक्याच्या गावात ज्याच्या कानावर भरवसा ठेवावा असा फिटर आता थकलाय, आणि त्याचा पोरगा दुचाकींचं गॅरेज चालवतो. सासवडच्या अंजिराच्या नाही तर नारायणगावच्या द्राक्षाच्या ओळीतून जाणारा हा छोटा ट्रॅक्टर आता विकावा का, हा प्रश्न त्यामुळे साहजिक आहे. पण मी पाहिलेले बहुतेक जुने ट्रॅक्टर सुटा भाग न मिळाल्यानं कमी आणि उलटसुलट दुरुस्तीनं जास्त बसलेत.

कंपनीचं नाव सांगून पार्ट मागणं

"एचएमटीचं पुढच्या चाकाचं बेअरिंग आहे का?" असं विचाराल तर दुकानदार मान हलवणार. बेअरिंग पुसून त्यावरचा नंबर वाचा. ६२०५ असेल तर आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. जगातल्या कुठल्याही कंपनीचं ६२०५ याच मापाचं. या नेहमीच्या बॉल बेअरिंगच्या नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की भोकाचं माप मिळतं; ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो. पुढे टूआरएस लिहिलेलं म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. चिखलात फिरणाऱ्या जागी मूळ बेअरिंग पत्र्याचं असलं तरी मी रबरीच घेतो.

शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या ऑइल सीलचंही तसंच. त्यावर ३५-५२-१० असं काहीतरी उमटलेलं असतं: शाफ्टचा व्यास, सील ज्यात बसतो त्या घराचा व्यास, जाडी. नवा सील घालूनही तेल गळतंय म्हणून तिसरा, चौथा सील आणणारे भेटतात. शाफ्टवर नख फिरवून बघा. जुन्या सीलनं तिथं खाच पाडली असेल तर नवा सील त्याच खाचेत बसतो आणि गळतो. सीलच्या घरात जागा असेल तर तो दोन मिमी पुढे-मागे बसवा, नाही तर शाफ्टवर स्लीव्ह, म्हणजे पातळ नळीचं कवच, चढवून घ्या. फॅन बेल्टवर सेक्शन आणि लांबी छापलेली असते. फिल्टरचा नंबर त्याच्या डब्यावर असतो, फक्त डबा फेकायच्या आधी तो वहीत उतरवा.

इंजिनच्या डिझेल पंपावर ‘मायको’ लिहिलंय म्हणून पंप कालबाह्य झाला असं समजू नका. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. पाटीवरचा नंबर दाखवा, पंप दुरुस्त करणाऱ्याला पुढचं कळतं. एवढी माहिती हातात घेऊन पुण्याच्या नाना पेठेत किंवा बोहरी आळीत गेलात की ट्रॅक्टरचं नाव काढायचीही गरज पडत नाही.

खरोखर कंपनीचेच असे भाग थोडे: गिअर, हाउसिंग, हायड्रॉलिकची कास्टिंग, ॲक्सल, बॉनेट. पैसे आणि धावपळ त्यांच्यासाठी राखा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा तालुक्याच्या भंगारात यातलं काही दिसलं तर गरज नसतानाही उचलून ठेवायला हरकत नाही. घरच्यांची बोलणी खावी लागतील, तो भाग वेगळा.

तुटलेला भाग भंगारात देणं

तुटका गिअर हाच आता तुमचा नकाशा. दात झिजलेला असो की उडालेला, भोसरीत गिअर कापणाऱ्यांकडे नमुना नेला तर ते दातांची संख्या आणि माप काढून नवा बनवतात. जोडीचा गिअरही सोबत न्या, नाही तर दात जुळतील पण आवाज करतील. आणि एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: कापल्यावर हीट ट्रीटमेंट कोण करणार? नुसता कापून आणलेला मऊ गिअर दिसायला देखणा असतो, पण गिअरबॉक्समध्ये एक हंगामही टिकत नाही.

चालू होत नाही म्हणून सेल मारत बसणं

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. मग मालक बटण दाबून धरतो, बॅटरी बसते, सेल्फ (स्टार्टर मोटर) तापतो, आणि संध्याकाळी मिस्त्री येऊन दहा मिनिटांत एअर काढतो. हे घरी जमतं. टाकीत डिझेल भरा, कॉक उघडा, फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) मारा. आधी फेस येईल. फेस थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा. मग तेच पंपावरच्या स्क्रूला. तरीही उचलत नसेल तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एक फेरा सैल करून सेल मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे सेल्फला विश्रांती द्या. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीच धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जावं लागतं.

रोज सकाळी एअर पकडत असेल तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपात शोधा. तिथं ओढ असते, त्यामुळे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणूनच "कुठं गळत तर नाहीये" म्हणत लोक महिनोन्‌महिने चुकीच्या जागी बघतात. रबरी नळी बदला, तांब्याचे वॉशर बदला. नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. ते मऊ होतात आणि पुन्हा बसतात.

सेल मारल्यावर नुसता टकटक आवाज येत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे काढायच्या आधी मीटर लावा. आराम केलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा उघडा लोखंडी भाग यांमध्ये मीटर धरून कुणालातरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. पॉलिश पेपर घासला की काम झालं.

धूर दिसला की इंजिनचं हेड उतरवणं

काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा हवा कमी पडतेय. उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारल्यावर ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (तेलातून हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या) वाटीत गाळ साठतो. वाटी धुवा, तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलेलं तेल इंजिन ओढून घेतं आणि तेवढ्या इंधनावर बेफाम पळू शकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तिथं मात्र रिंग, लाइनर किंवा व्हॉल्व्ह सीलची शंका खरी. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ चालतो. तो गरम इंजिनावरही राहिला तर नोझल तपासून घ्या आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा.

पाण्याचं निघालंच आहे तर, बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, त्यातला क्षार आत थर धरतो. कूलंट आणि शुद्ध पाणी घाला. बाहेरच्या जाळीत अडकलेला पाला पंख्याच्या बाजूनं हवा मारून काढा. इंजिन उकळलं तर कॅप उघडू नका, गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो, आणि जुन्या मॉडेलचं हेड हाच सगळ्यात अवघड सौदा आहे.

एकच तेल सगळीकडे

बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. त्यात उरलेलं इंजिन ऑइल टाकणं नको. लिफ्ट अवजार उचलत नसेल तर आधी तेलाची पातळी बघा, मग गाळणी, मग पंप.

पावसाळ्यात तसाच उभा करणं

जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभा राहणाऱ्या ट्रॅक्टरची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी साठतं. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. क्लच पेडल दाबून लाकडाची पाचर लावा, नाही तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. मग गिअरमध्ये टाकून धक्क्यानं सोडवायचा अघोरी प्रकार सुरू होतो आणि ट्रॅक्टर भिंतीत जातो.

ताकदीबाहेरचं अवजार

अठरा-वीस एचपीच्या ट्रॅक्टरला शेजाऱ्याचा पाच फुटी रोटाव्हेटर लावू नका. क्लच आणि पीटीओचे (मागून अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचे) गिअर जातात, आणि तेच मिळत नाहीत. पीटीओ शाफ्टवरचं झाकण फुटलं असेल तर नवं बसवल्याशिवाय फवारणीचा ब्लोअरही लावू नका. मिनिटाला ५४० फेरे घेणारा शाफ्ट गमछा किंवा साडीचा पदर सुटायला वेळ देत नाही.

अफवेवर विकणं, घाईत दुसरा घेणं

दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सक्तीनं भंगारात काढणार अशी अफवा फिरते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं ती फेटाळली आहे: नोंदणी आधी १५ वर्षांची, मग दर वेळी पाच वर्षांनी नूतनीकरण.

सुट्या भागांसाठी त्याच मॉडेलचा दुसरा बंद ट्रॅक्टर घेणं ही चांगली कल्पना आहे. मात्र मॉडेलचं नाव एक असलं तरी साल बदललं की गिअरबॉक्स बदललेला असू शकतो. विकणारा म्हणेल, "दादा, सगळं सेम आहे." दोन्हींचे इंजिन आणि चॅसी नंबर, पंपाची पाटी आणि गिअर लिव्हरच्या जागा जुळवून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. त्यातलं अख्खं इंजिन तुमच्या ट्रॅक्टरवर चढवणार असाल तर आरसीत तशी नोंद करावी लागते, त्यासाठी त्या ट्रॅक्टरची कागदपत्रंही लोखंडासोबतच ताब्यात घ्या.