सरंजामशाही शिकायला घेताय? सुरुवात ब्रुजपासून करा

एम.ए.ला मध्ययुगीन युरोपचा पेपर घेतला तेव्हा मी पिरॅमिड पाठ केला होता. वर राजा, खाली सरदार, त्याखाली नाइट, तळाशी राबणारी कुळं. मार्कही मिळाले. पुढे एका प्राध्यापकांनी विचारलं, "धनी मेला की त्याच्या माणसांच्या जमिनीचं काय होतं?" मला उत्तर देता येईना, कारण पिरॅमिडमध्ये कोणी मरतच नाही.

उत्तर सापडलं फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातल्या प्रांतात. २ मार्च ११२७ला ब्रुजच्या चर्चमध्ये प्रार्थना करत असताना तिथला सत्ताधीश, काउंट चार्ल्स, याचा खून झाला. त्याला मूलबाळ नव्हतं. फ्रान्सच्या राजाच्या पाठिंब्यानं विल्यम क्लिटो गादीवर आला आणि एप्रिलमध्ये चार्ल्सकडून जमिनी मिळालेली माणसं पुन्हा एकदा नव्या धन्यासमोर उभी राहिली. ब्रुजच्याच गालबेर नावाच्या कारकुनानं हे लिहून ठेवलंय. काउंट विचारतो, पूर्णपणे माझा माणूस व्हायचंय का? समोरचा हो म्हणतो, जोडलेले हात काउंटच्या हातांत देतो, दोघं चुंबन घेतात. मग संतांच्या अवशेषांवर इमानाची शपथ. सगळ्यांचं झाल्यावर काउंट हातातल्या छडीनं त्यांना जमिनी बहाल करतो.

हा क्रम वहीत मोठ्या अक्षरात लिहा: आधी माणूस, मग शपथ, शेवटी जमीन. मला तर या एका प्रसंगानं अख्खा पेपर उलगडला. नातं दोन जिवंत माणसांमधलं, म्हणून धनी बदलला की हात पुन्हा जोडायचे. ताबेदार मेला तर? मुलाला जमीन मिळे, पण धन्याला नजराणा देऊन. हा नजराणा मनमानी वाढू लागला, म्हणून इंग्लंडच्या राजाला लगाम घालणाऱ्या १२१५च्या सनदेत, म्हणजे मॅग्ना कार्टात, एका नाइटच्या जमिनीला जास्तीत जास्त १०० शिलिंग अशी मर्यादा घातली.

आणि शपथ एकतर्फी नसते. वर्षभरातच गेन्ट आणि ब्रुजच्या लोकांनी विल्यमला सुनावलं, तू वचन मोडलंस, आता आम्हीही बांधील नाही. त्यांनी दुसरा काउंट निवडला. जुलै ११२८मध्ये आल्स्टच्या वेढ्यात विल्यमला जखम झाली आणि त्यातच तो गेला.

मराठीत शिकणाऱ्यांनी एका शब्दाला जपावं. 'सरंजामशाही' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेशवाईतले सरंजाम येतात. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल, वतन म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. युरोपातली 'फीफ', म्हणजे इमानाच्या शपथेनंतर धन्याकडून मिळणारी जमीन, या दोन्हींत नीट बसत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत मी फीफ हाच शब्द ठेवायला सांगते.

इंग्लंडकडे नंतर वळा. १०८६मध्ये सॉल्झबरीला विल्यम द कॉन्करर यानं इतरांच्या हाताखालच्या जमीनदारांकडूनही थेट स्वतःशी इमान राखण्याची शपथ घेतली. ब्रुज आधी वाचलं असेल, तर राजाला याची गरज का वाटली हे तुमचं तुम्हालाच कळेल.