‘केअर’ शब्द वापरताना या चुका टाळा

नाशिकमध्ये दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या अलीकडे, माझ्या घरी संध्याकाळी नर्सिंगच्या मुली इंग्रजी बोलायला शिकतात. त्यांच्यातल्या एकीला रात्रपाळीत एका आजींच्या मुलाचा परदेशातून फोन आला. आजी जेवून शांत झोपल्या होत्या. हिला सांगायचं होतं, ‘काळजी करू नका.’ ती म्हणाली, “डोन्ट केअर, सर.” पलीकडे एकदम शांतता, आणि मग चढा आवाज. दुसऱ्या दिवशी सांगताना तिचे डोळे भरून आले. रात्रभर आजींच्या उशाशी बसलेली ही पोर, आणि तिच्या तोंडून गेलं ‘पर्वा करू नका’!

माया कमी नव्हती, फक्त ‘काळजी’ या शब्दानं घात केला. आपल्याकडे काळजी वाटते, काळजी करतात आणि काळजी घेतात. शब्द तोच, क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. म्हणून मी मुलींना सांगते, आधी मराठी वाक्याचं क्रियापद बघा. ‘वाटते’ किंवा ‘करू नका’ असेल तर तिथे ‘वरी’ लागतं: ‘आय ॲम वरीड अबाउट हर’, ‘प्लीज डोन्ट वरी’. ‘घेतो’ असेल तरच ‘केअर’: ‘वी आर टेकिंग गुड केअर ऑफ हर’. यातला ‘ऑफ’ गाळू नका. ‘टेक केअर युवर मदर’ हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी दुरुस्त करते. निरोप घेतानाचं नुसतं ‘टेक केअर’ मात्र बरोबर आहे, आपलं ‘जपून राहा’ तसं.

जपण्याचा हा अर्थ नाशिककरांना नवा नाही. पॅकहाऊसमधून निघणाऱ्या द्राक्षांच्या पेटीवर ‘हँडल विथ केअर’ असतं, ते घड चिरडू नये म्हणून.

‘आय केअर यू’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही. मनात जिव्हाळा असेल तर ‘केअर अबाउट’. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं अशी हातानं केलेली शुश्रूषा असेल तर ‘केअर फॉर’. पण प्रश्नात आणि नकारात ‘केअर फॉर’ आवडीकडे वळतं. ‘वुड यू केअर फॉर सम टी?’ म्हणजे चहा घेणार का, आणि ‘आय डोन्ट केअर फॉर टी’ म्हणजे मला चहा आवडत नाही.

जीव लावणाऱ्या सुनेला ‘केअरफुल’ म्हणू नका, ती ‘केअरिंग’. केअरफुल म्हणजे सावध. ‘केअरलेस’ निष्काळजी, ‘केअरफ्री’ निश्चिंत. या दोघांची अदलाबदल झाली तर कौतुकाचा ठपका होतो.

आजोबांना सांभाळणाऱ्या माणसाला आपण सर्रास केअरटेकर म्हणतो, आणि नाशिकमध्ये ते सगळ्यांना कळतंही. पण ब्रिटनमध्ये केअरटेकर म्हणजे शाळेची किंवा इमारतीची देखभाल करणारा. माणसांना सांभाळणारा तो तिथे ‘केअरर’, अमेरिकेत ‘केअरगिव्हर’. ब्रिटनमधल्या नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्या मुलींनी हे पाठच करावं. तिथे ‘द चाइल्ड इज इन केअर’ याचा अर्थही ‘मुलाची काळजी घेतली जातेय’ एवढाच नसतो. मूल आईवडिलांपाशी न राहता सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली आहे, असा असतो.

शेवटची चूक ‘केअर’ आणि ‘क्युअर’ यांची. हे शब्द सख्खे वाटतात, पण नाहीत. क्युअर आला लॅटिनमधल्या ‘क्यूरा’वरून, आणि त्याचा अर्थ काळजीच. केअर जुन्या इंग्रजीतला, आणि तिथे त्याचा अर्थ होता दुःख, चिंता. आज क्युअर म्हणजे आजार पुरता बरा करणं. त्यामुळे आजींना आज बरं वाटतंय एवढंच सांगायचं असेल, तर ‘शी इज क्युअर्ड’ म्हणू नका. दूर बसलेला मुलगा त्या एका शब्दावर भलती आशा बांधेल. ‘शी इज फीलिंग बेटर टुडे’ म्हणा.