चालू घडामोडींची टिपणे: बातमी एक, पान एक

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसणारे स्पर्धा परीक्षांचे बहुतेक उमेदवार पर्यावरण, अर्थव्यवस्था आणि विज्ञान यांच्या बातम्या तारखेनुसार उतरवून ठेवतात आणि पूर्वपरीक्षेच्या तोंडावर ती वही उघडण्याचा धीर त्यांना होत नाही. त्याऐवजी विषयाला एक सुटे पान द्यावे आणि नवी बातमी त्याच पानावर चढवत जावे.

लोणार सरोवराचे उदाहरण घेऊ. जून 2020 मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. आता या पानावर बेसाल्ट खडकातील उल्कापाती विवर, 1971 चा रामसर करार, 2 फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिन, 2017 चे पाणथळ जागांविषयीचे नियम आणि त्यांचा आधार असलेला 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा हे सारे नोंदवता येते. 2022 मध्ये ठाणे खाडीला तोच दर्जा मिळाला, ती नोंदही इथेच.

रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्याच्या, पानावर मात्र दर पेन्सिलीनेच लिहावा, कारण तो बदलत राहतो. तो ठरवणारी रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती आणि 4 टक्के महागाईचे लक्ष्य, त्याच्या दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांची मुभा, हे शाईने. पाने शिवून घेऊ नयेत, फाइलला लावावीत.