नवोदितांची कॉमेडी कॅबरे नाईट करायचीय? मग हे वाचा

कॅबरे म्हणजे नुसता डान्स नाही हो, 1881 ला पॅरिसमध्ये ‘ल शा न्वार’ नावाचं कॅबरे सुरू झालं तिथेही गाणी, कविता, टिंगलटवाळी सगळं एकाच रात्रीत चालायचं.

तर नवख्यांना 5 मिनिटंच द्या, चौथ्या मिनिटाला मागून मोबाईलचा टॉर्च दाखवायचा, आणि हे आधीच सांगून ठेवा नाहीतर बिचारा जोक अर्धवट सोडून "वेळ संपली का?" असं माईकवरच विचारतो (बघितलंय मी!). पहिला आणि शेवटचा परफॉर्मर कसलेला हवा, नवखे मधे, दोन स्टँडअपनंतर एखादं गाणं टाका. खुर्च्या स्टेजला चिकटून, जवळजवळ, कारण पांगलेलं पब्लिक हसतच नाही. सटायर सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्यांवर करा, वेटरवर नको. सूत्रसंचालक मात्र हजरजबाबीच बघा, पडलेला ॲक्ट तोच सावरतो.