जुन्या स्कूटरची फेरनोंदणी : तपासणीपूर्वी काय पाहावे

खासगी स्कूटरची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ती 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. नमुना 25 मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या 60 दिवसांत करता येतो. नांदेड असो वा लातूर, स्कूटर निरीक्षकांसमोर नेण्यापूर्वी सर्वप्रथम चेसिस क्रमांक, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला गाडीचा ओळख क्रमांक, शोधावा. काळ्या मातीचा चिखल वर्षानुवर्षे साचून आणि त्याखाली गंज चढून हे आकडे वाचता येईनासे होतात. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने व मऊ ब्रशने ते हळूहळू स्वच्छ करावेत. पॉलिश पेपर मात्र लावू नये, कारण घासलेला क्रमांक पाहून भलताच संशय येतो आणि तो दूर करणे गाडी दुरुस्त करण्यापेक्षा कटकटीचे ठरते.

ब्रेकचा दिवा दोन्ही लिव्हर स्वतंत्रपणे दाबून पाहावा. बहुतेकदा बल्ब शाबूत असतो आणि लिव्हरजवळचा स्विच धुळीने अडकलेला असतो. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर ते अडखळले, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, झिजला आहे असे समजावे. टायरच्या खाचा किमान 0.8 मिलिमीटर खोल हव्यात. हॉर्न, इंडिकेटर आणि आरसे यांची तपासणी घरीच उरकते.

कार्बोरेटर व एअर फिल्टर साफ केल्यावरच पीयूसी काढावी. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, विमा आणि पर्यावरण कर यांची पूर्तताही आधीच करून ठेवावी.